हाताला जमेल असे बटण

घरात कुणी अंथरुणाला खिळले की आपण औषधांच्या वेळा लिहून ठेवतो, पथ्यपाणी पाहतो, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी आणतो. एक गोष्ट मात्र बहुतेक घरांत राहून जाते. रात्री दोन वाजता त्या माणसाला पाणी हवे असेल किंवा कूस बदलायची असेल, तर त्याने हाक कशी मारायची? मेंदूच्या डाव्या बाजूला झटका आला तर उजवा हात जातो आणि अनेकदा त्याबरोबर बोलणेही जाते. हाक मारायची गरज वाढते, नेमके तेव्हाच हाक मारायचे साधन हातातून निसटते. मग दादी भिंतीवर हात आपटते, नाना वाटीवर चमचा वाजवतात. काही दिवसांनी तेही बंद होते. 'सुनेची झोप कशाला मोडायची' असे मनाशी म्हणत माणूस फजरच्या अजानची वाट पाहत पडून राहतो.

बेल बाजारात मिळते. अडचण बेलची नाही, तिच्या बटणाची आहे. ते इवलेसे बटण दाबायला बोटाचे टोक नेमके त्या जागी न्यावे लागते आणि तिथे जोर द्यावा लागतो. कंपवात झालेल्या हाताला नेम साधत नाही, संधिवाताच्या बोटांना जोर देता येत नाही, पक्षाघातानंतर मूठ उघडत नाही. अशा माणसासाठी खास मोठी, हलकी बटणे परदेशात तयार होतात. पण तसे एक बटण मागवायचे तर हजारो रुपये मोजावे लागतात. या महिन्यात आम्ही सांगणार आहोत ते हे की असे बटण घरी, पुठ्ठा, स्पंज आणि पोळ्या गुंडाळायच्या फॉइलमधून, एका प्लेट मिसळीपेक्षा कमी पैशांत तयार होते. आणि घरी केलेले बटण पुष्कळदा विकतच्यापेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण ते त्या एकाच माणसाच्या मापाचे असते.

बटण म्हणजे काय?

पंचगंगेला पूर आला की राजाराम बंधारा पाण्याखाली जातो आणि पलीकडची ये-जा थांबते. पाणी ओसरले की ये-जा पुन्हा सुरू. विजेचेही असेच आहे. सेलच्या एका टोकातून निघालेली वीज बेलमधून फिरून दुसऱ्या टोकाला परत यायला हवी. त्या वाटेत कुठेही फट पडली की वीज थांबते, फट मिटली की धावते. बटण म्हणजे आपल्या मर्जीने उघडता-मिटता येणारी ही फट. यापलीकडे त्यात काही गूढ नाही.

याचे एक सुंदर उदाहरण आपल्याच जिल्ह्यात, इचलकरंजीला पाहायला मिळते. स्वयंचलित मागावर ताण्याच्या प्रत्येक धाग्याला एक पातळ धातूची पत्ती अडकवलेली असते. धागा ताठ आहे तोवर पत्ती वर लटकते. धागा तुटला की ती खाली पडते, खालच्या पट्टीला टेकते, वीज वाहते आणि माग थांबतो. हजारो धाग्यांपैकी कुठला तुटला यावर कुणी डोळे लावून बसत नाही. तुटलेला धागा स्वतःच ओरडून सांगतो. म्हणजे बटण दाबायला बोटच लागते असे नाही. पडणे, ओढले जाणे, कलणे, टेकणे, यांतले काहीही चालते. आजारी माणसाकडे यांतली कुठली एक हालचाल उरली आहे, एवढेच आपल्याला शोधायचे असते.

एका हालचालीवर किती काही उभे राहते, याचे दाखले जगात आहेत. इंग्लंडमधील स्टोक मॅंडेव्हिल रुग्णालयात १९६० च्या सुमारास रेग मेलिंग यांनी मानेखाली लुळे पडलेल्या रुग्णांसाठी एक यंत्र तयार केले. तोंडातल्या नळीतून फुंकले किंवा ओढले की बटणे चालत. या यंत्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला 'पॉसम' हे नाव पडले, आणि लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थ होतो 'मी करू शकतो'. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचा आवाज १९८५ मध्ये गेला. त्यानंतर ते आधी हातातले एक बटण दाबून आणि पुढे हातही चालेना तेव्हा गालाच्या स्नायूच्या हालचालीवर, संगणकाद्वारे बोलत आणि लिहीत राहिले. गाल हलला की चष्म्याला लावलेले साधन ते टिपत असे. हे काम बटणासारखेच.

एवढे दूर तरी कशाला जायचे? नसीमा हुरजूक, म्हणजे सर्वांच्या नसीमादीदी, कोल्हापूरच्याच. तरुणपणीच कमरेखालचे शरीर लुळे पडलेल्या दीदींनी १९८४ मध्ये इथे 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. 'चाकाची खुर्ची' हे त्यांचे आत्मकथन आमच्या अनेक वाचकांच्या घरी असेल. त्यांच्या कामाकडे पाहिले की एक गोष्ट मनात ठसते. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला अडवते ती दाराची पायरी. पायरीच्या जागी उतार केला की तोच माणूस आत येतो. बेलचे लहान, घट्ट बटण ही अशीच एक पायरी आहे. आणि ती काढून टाकायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

आधी माप

शिवाजी उद्यमनगरात एखादा जॉब करायला दिला तर कारागीर आधी माप घेतो, मग मशीनला हात लावतो. आपणही तेच करायचे. कात्री हातात घेण्याआधी दोन-तीन दिवस त्या माणसाकडे नीट पाहा. कुठली हालचाल तो स्वतःच्या मर्जीने, पुन्हा पुन्हा करू शकतो? डाव्या हाताचा तळवा खाली दाबता येतो का? कोपर बाजूला सरकतो का? मान वळते का? पायाचा अंगठा उचलतो का? पक्षाघात झालेल्या माणसासाठी बटण नेहमी धड बाजूला ठेवावे. कधी कधी लुळ्या बाजूचे भानच त्याला राहत नाही, तिकडे ठेवलेली वस्तू नजरेला पडत नाही.

हालचाल सापडली की तिथे नुसता पुठ्ठ्याचा तुकडा ठेवा आणि त्याला दहा वेळा दाबायला सांगा. दहाही वेळा सहज जमले तर जागा बरोबर आहे. सहाव्या-सातव्या वेळी दम लागला तर जागा बदला. हे सगळे त्या माणसाला विचारून करा. बोलता येत नसले तरी त्याला समजत असते. 'इथे ठेवू का?' असे विचारून मानेचा होकार घ्या. आयुष्यभर ज्यांनी घर चालवले त्यांच्या उशाशी न विचारता वायरी बांधणे बरे नाही.

पहिले बटण: स्पंजचे

हे तळव्याने, कोपराने किंवा गालाने दाबायचे. खोक्याच्या पुठ्ठ्याचे तळहाताएवढे दोन तुकडे कापा. प्रत्येकाच्या एका बाजूला फॉइल चिकटवा. दोन हात लांब, आत तांब्याच्या बारीक तारा असलेली साधी दुहेरी वायर घ्या. तिच्या एका टोकाच्या दोन्ही तारा दोन-दोन इंच सोलून घ्या. एक तार एका फॉइलवर, दुसरी दुसऱ्या फॉइलवर पसरून चिकटपट्टीने घट्ट दाबा. फॉइलवर कथलाचा डाग बसत नाही, त्यामुळे सोल्डरिंगच्या भानगडीत पडू नका. चिकटपट्टीवरून एक-दोन स्टेपल मारले की काम पक्के होते.

आता भांडी घासायच्या स्पंजची साधारण अर्ध्या सेंटिमीटर जाडीची चकती कापा आणि तिच्या मधोमध लिंबाएवढे भोक पाडा. खालच्या पुठ्ठ्याच्या फॉइलवर ही चकती ठेवा. वरच्या पुठ्ठ्याच्या मध्यभागी एक रुपयाचे नाणे ठेवून त्यावर फॉइलचा आणखी एक तुकडा ताणून बसवा, म्हणजे तिथे उंचवटा येईल. हा तुकडा खालच्या फॉइलला नीट टेकलेला हवा, मध्ये चिकटपट्टी येता कामा नये. मग दोन्ही पुठ्ठे, फॉइल समोरासमोर येईल असे, स्पंजवर ठेवून कडेने सैलसर चिकटपट्टी लावा. दाबले की उंचवटा भोकातून खाली टेकतो, सोडले की स्पंज त्याला वर उचलतो.

या बटणाची खरी गंमत नाण्यांत आहे. दाबायला जड जात असेल तर नाण्यावर दुसरे नाणे ठेवा, फट कमी होईल आणि बटण हलके होईल. नुसता हात ठेवल्यावरच वाजत असेल तर नाणे काढा किंवा स्पंज थोडा जाड घ्या. कुठल्या दुकानदाराला हे माप माहीत नसते. ते फक्त तुम्हाला आणि त्या हाताला माहीत असते.

फॉइलबद्दल एक सूचना. ॲल्युमिनियमवर हवेने एक न दिसणारा पापुद्रा चढतो आणि फार हलका स्पर्श झाला तर वीज कधी कधी त्यातून जात नाही. म्हणून महिन्याभराने फॉइल बदलावी. जास्त टिकाऊ हवे असेल तर बिस्किटाच्या किंवा तुपाच्या डब्याचा पत्रा कापून, कडा घासून बोथट करून वापरा. पत्र्यावरचा रंग पॉलिश पेपरने काढला की त्यावर डागही बसतो. हुपरीच्या चांदीइतकी वीज कुठलाच धातू वाहून नेत नाही हे खरे, पण मिठाईवरचा चांदीचा वर्ख लावायला जाऊ नका. तो इतका पातळ असतो की पहिल्याच दाबात फाटतो.

दुसरे बटण: चिमट्याचे

हे न्हाणीघरासाठी. म्हातारी माणसे तिथे पुष्कळदा पडतात, आणि दाराआडून हाक ऐकू येत नाही. कपडे वाळत घालायचा चिमटा घ्या. त्याच्या दोन्ही जबड्यांवर सोललेल्या तारेचे वेगवेगळे वेढे द्या. चिमटा मिटला की तारा एकमेकींना टेकतात. आता जुन्या प्लॅस्टिक कार्डाची एक पट्टी कापा, तिला भोक पाडून दोरी बांधा आणि ती पट्टी जबड्यात धरा. चिमटा भिंतीवर, पाणी उडणार नाही अशा उंचीवर पक्का बसवा आणि दोरी जमिनीपर्यंत सोडा. दोरी ओढली की पट्टी निसटते, जबडा मिटतो आणि बेल वाजायला लागते. कुणीतरी येऊन पट्टी परत बसवेपर्यंत ती थांबत नाही. दोरी जमिनीपर्यंत हवी, हे विसरू नका. पडलेल्या माणसाचा हात कमरेच्या उंचीवर पोहोचत नाही.

तिसरे बटण: छर्ऱ्याचे

ज्यांना दाबता येत नाही पण पाऊल किंवा मनगट कलवता येते, त्यांच्यासाठी. जुन्या बॉलपेनची नळी दोन इंच कापा. तिच्या एका तोंडाला खोडरबराचे बूच बसवा आणि त्यातून दोन सोललेल्या तारा, एकमेकींना न टेकता, थोड्या आत येऊ द्या. सायकलच्या दुकानातून नळीत सैल फिरतील असे दोन छर्रे आणा, ग्रीस पुसून स्वच्छ करा, कारण ग्रीसमधून वीज जात नाही. ते आत घालून दुसरे तोंडही बंद करा. ही नळी मऊ पट्टीने पावलाला अशी बांधा की एरवी छर्रे तारांपासून दूर राहतील. पाऊल कलले की ते घरंगळत येऊन दोन्ही तारांवर बसतात आणि बेल वाजते. जुन्या काळी अशा बटणांत पारा वापरत. थर्मामीटर फोडून पारा काढायचा उद्योग कुणीही करू नये, तो विषारी असतो.

बेल कशी जोडायची?

सर्वांत साधी रीत म्हणजे दोन पेन्सिल सेल आणि एक लहान बझर. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात ३ ते २४ व्होल्टवर चालणारा बझर मागा. बझरची लाल वायर सेलच्या घन टोकाला, काळी वायर बटणाच्या एका तारेला आणि बटणाची दुसरी तार सेलच्या ऋण टोकाला. झाले. दादी आणि सून शेजारच्या खोलीत झोपत असतील तर एवढे पुरे.

सून वरच्या मजल्यावर असेल तर रिमोटची दारबेल आणा. साधारण ३०० ते ५०० रुपयांत ती मिळते. तिच्या रिमोटमधला सेल काढून तो उघडला की आत पट्टीवर चार पायांचे एक चिमुकले बटण दिसते. त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या, म्हणजे तिरप्या, दोन पायांना आपल्या घरगुती बटणाच्या दोन तारा जोडायच्या. मोबाईल दुरुस्त करणारा हे दोन मिनिटांत करून देतो. रिमोटचे मूळ बटणही चालू राहते. घेताना दोन गोष्टी पाहा. काही रिमोट सेलशिवाय, दाबाच्या जोरावर चालतात, ते या कामाचे नाहीत. आणि वाजणारा डबासुद्धा सेलवर चालणारा असावा. २०१९ च्या महापुरात शहराच्या कितीतरी भागांत दिवसचे दिवस लाईट नव्हती, हे आपण विसरलेलो नाही. प्लगमध्ये खोचायची बेल अशा वेळी मुकी होते.

हे मात्र कधीही नको

घरगुती बटण फक्त सेलवर चालणाऱ्या वस्तूला जोडायचे. घरातली वीज २३० व्होल्टची असते. पुठ्ठा, फॉइल आणि ओला हात यांच्या जवळपासही ती येऊ देऊ नये. पंखा किंवा दिवा अंथरुणातून चालवायचा असेल तर तयार रिमोटचा पंखा घ्यावा आणि त्याच्या सेलवरच्या रिमोटला वरच्याच रीतीने तारा काढाव्यात. भिंतीवरच्या बोर्डाला हात लावू नये. बटणाला आणि तारांच्या जोडांना पॉलिथिन गुंडाळा, वरून मऊ कापडाचा अभ्रा शिवा. पाठीखाली किंवा कमरेखाली बटण ठेवू नका, तिथे जखम होईल. वायर गळ्याजवळून नेऊ नका. सुटे सेल, विशेषतः गोल चपटे, आणि छर्रे लहान मुलांपासून दूर ठेवा. चपटा सेल गिळला गेला तर अन्ननलिका भाजते, तेव्हा मुलाला लगेच रुग्णालयात न्यावे. आणि ज्यांना प्राणवायू किंवा यंत्राच्या आधारावर ठेवले आहे, त्यांच्याजवळ माणूसच हवा. घरगुती बेलच्या भरवशावर त्यांना सोडू नये.

रोज एकदा बेल तपासायची सवय लावा. इशाच्या नमाजनंतर सगळे घरात असतात, तेव्हा एकदा दाबून ऐकावे. सेल संपल्याचे रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा हे बरे.

चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र, कॅलिपर अशा मोठ्या साधनांसाठी केंद्र सरकारची 'एडिप' योजना आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कंपवातासह २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. ज्यांचे प्रमाणपत्र काढायचे राहिले असेल त्यांनी ते जरूर काढावे. पण उशाशी ठेवायचे बटण कुठल्या शिबिरात वाटले जाईल म्हणून थांबू नये.

तारेचे दुसरे टोक

आता शेवटची गोष्ट. या तारेच्या एका टोकाला आजारी माणूस असतो, दुसऱ्या टोकाला बेल ऐकणारा. बहुतेक घरांत ऐकणारी एकच असते, सून किंवा मुलगी. बेल बसवली आणि सगळ्या रात्री तिच्याच वाट्याला आल्या तर आपण एकाची अडचण दुसरीच्या अंगावर टाकली, एवढेच झाले. म्हणून बेल बसवतानाच वाऱ्या ठरवा. आज मुलगा उठेल, उद्या सून, सुट्टीच्या दिवशी कॉलेजात जाणारा नातू. रिमोटची बेल उचलून कुणाच्याही खोलीत नेता येते, ती या कामासाठीच.

दुसरे, खुणा ठरवा. एकदा वाजली तर 'ये', दोनदा वाजली तर 'पाणी', थांबता थांबेना तर 'लगेच ये'. सुरुवातीचे काही दिवस बेल जास्तच वाजेल. कधी नुसतेच कुणी येते का ते पाहायला वाजेल. त्यावर चिडू नये. कित्येक महिने ज्याची हाक कुणाला ऐकू गेली नाही, तो माणूस आपली हाक पोहोचते का याची खात्री करून घेत असतो. प्रत्येक वेळी कुणीतरी आले की ती खात्री पटते आणि बेल आपोआप कमी होते. कुणीच आले नाही तर मात्र ती कायमची थांबते, आणि मग ते थांबणे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हे बटण घरातल्या मुलांकडून करून घ्या, मुलींकडूनही. पुण्याच्या आयुका संस्थेत अरविंद गुप्ता यांनी वर्षानुवर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवले. त्यात कात्री आणि चिकटपट्टीहून महाग हत्यार क्वचितच लागे. पाचवी-सहावीतली मुलगी स्पंजचे बटण एका दुपारी करू शकते. विजेची वाट कशी बनते हे तिला पुस्तकाबाहेर कळेल. त्याहून महत्त्वाचे, दादीचा हात किती उचलतो, किती दाबतो, हे तिला मापावे लागेल, म्हणजे त्या हाताजवळ बसावे लागेल. दादीने पहिल्यांदा दाबल्यावर जी बेल वाजेल, ती ऐकून धावत जाण्याचा मान त्या मुलीलाच द्या.